सातशे ग्रॅमचं पिल्लू घरी येतं तेव्हा

पोमेरेनियन, चिहुआहुआ, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज या लहान जातींच्या कुत्र्यांचं आठ आठवड्यांचं पिल्लू वजनकाट्यावर ठेवलं तर ते बहुतेक वेळा किलोच्या आतच भरतं. शिह त्झूचं थोडं जास्त. त्याच वयाचं लॅब्राडॉरचं पिल्लू चार-पाच किलोचं असतं. लॅब्राडॉरच्या पिल्लाने दुपारचं खाणं टाळलं तर संध्याकाळी ते दुप्पट खाईल आणि विषय संपेल. सातशे ग्रॅमच्या पिल्लाने लागोपाठ दोन वेळा तोंड फिरवलं तर संध्याकाळपर्यंत ते लुळं पडू शकतं.

याचं कारण एकच, साठा नसणं. मेंदू शरीराच्या मानाने मोठा आणि तो सतत साखर मागतो. ती साठवणारं यकृत मात्र इवलंसं. स्नायू आणि चरबी नावापुरती. शिवाय आकार जितका लहान तितकी अंगातली ऊब लवकर निघून जाते आणि ती टिकवायलाही साखरच जळते. भूक, थंडी, जंत, जुलाब, पिसवा, घरातल्या मुलांनी दिवसभर खेळवणं, ही सगळी संकटं या पिल्लाच्या बाबतीत शेवटी साखर कमी पडण्यावर येऊन थांबतात. हे एकदा लक्षात आलं की बाकीची काळजी कशासाठी घ्यायची ते आपोआप कळतं.

म्हणून पहिली खरेदी बेड, पट्टा किंवा खेळणं नव्हे. पहिली खरेदी वजनकाटा.

स्वयंपाकघरात पीठ-साखर मोजायचा डिजिटल काटा चालतो. एक ग्रॅमपर्यंत अचूक आणि पाच किलोपर्यंत मोजणारा असावा. त्यावर खोलगट प्लास्टिकचा डबा ठेवायचा, तळाशी नॅपकिन घालायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि मग पिल्लू आत ठेवायचं. उघड्या काट्यावर ते थांबत नाही आणि उडी मारलीच तर ओट्यावरून खाली जातं, म्हणून काटा जमिनीवरच ठेवा. वेळ ठरलेली हवी: सकाळी शी-शू झाल्यावर, पहिल्या खाण्याआधी. भरल्या पोटाने आणि रिकाम्या पोटाने मोजलेल्या वजनात सहज पंधरा-वीस ग्रॅमचा फरक पडतो आणि मग आकड्यांना अर्थ राहत नाही. आकडा वहीत लिहायचा, आठवणीवर सोडायचा नाही.

मोठं झाल्यावर अडीच-तीन किलोचं होणारं पिल्लू दोन ते तीन महिन्यांच्या वयात रोज साधारण १० ते १५ ग्रॅमने वाढतं. एखाद्या दिवशी आकडा हलला नाही तर घाबरायचं कारण नाही, नव्या घरातले पहिले एक-दोन दिवस तसे जातातच. लागोपाठ दोन दिवस वाढ नसेल तर काय खाल्लं, किती खाल्लं, शी कशी होती हे तपासा. आणि एका दिवसात पाच टक्के वजन उतरलं, म्हणजे ७०० ग्रॅमच्या पिल्लाचं ३५ ग्रॅम, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, पिल्लू खेळत असलं तरी. पोमेरेनियनच्या केसांखाली बरगड्या दिसत नाहीत, त्यामुळे पिल्लू सुकलंय हे डोळ्यांना फार उशिरा कळतं. काट्याला ते आदल्या दिवशी कळलेलं असतं.

आणण्याआधी

कुत्र्यांच्या पैदाशी आणि विक्रीबाबत केंद्र सरकारचे २०१७ सालचे नियम आहेत. त्यानुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही पाच-सहा आठवड्यांची पिल्लं सर्रास दिली जातात, कारण जितकं लहान तितकं गोंडस आणि जितकं गोंडस तितकं लवकर खपतं. लहान जातींमध्ये हे दोन आठवडे फार महाग पडतात. पाचव्या आठवड्यात पिल्लू नुकतं कुठे घन खाणं शिकत असतं, ते निम्मं आईच्या दुधावरच असतं. त्या वयात उचललं की दूध गेलं, ऊब गेली आणि खाणं अजून नीट जमत नाही. दातांवरून वय ओळखायचा प्रयत्न या जातींमध्ये फसतो, कारण त्यांचे दुधाचे दात मुळातच उशिरा येतात. पिल्लं आईसोबत असताना पाहायला मागा आणि आपल्यासमोर त्यांना वाटीतून खाताना पाहा. स्वतःहून कोरडं किंवा भिजवलेलं खाणं पोटभर खाता येत नसेल तर ते पिल्लू घरी न्यायच्या वयाचं झालेलं नाही, जन्मतारीख काहीही सांगितलेली असो.

‘टी-कप’ नावाची कुठलीही मान्यताप्राप्त जात नाही. ते विक्रीचं नाव आहे. त्या नावाखाली वेतातलं सर्वांत खुजं पिल्लू, वेळेआधी तोडलेलं पिल्लू किंवा मुद्दाम खुज्या आईबापांची केलेली पैदास मिळते आणि साखर उतरण्याचा धोका त्यांनाच सर्वांत जास्त असतो.

पिल्लू सकाळी घरी आणा. रात्री नऊला आणलं तर ते प्रवासाने थकलेलं, घाबरलेलं आणि उपाशी अशा अवस्थेत पहिल्या रात्रीला सामोरं जातं, आणि काही बिघडलंच तर डॉक्टरही मिळत नाही. प्रवास लांबचा असेल, समजा कोल्हापूरहून पुणे, तर दर दोन तासांनी थांबून थोडं खायला द्या. गाडीतला एसी थेट अंगावर येऊ देऊ नका. ते जे खात होतं त्याची आठवडाभर पुरेल एवढी पिशवी सोबत मागून घ्या, आणि आई झोपत होती त्या कापडाचा एक तुकडाही. पहिल्या दोन-तीन रात्री त्या वासाने पिल्लू बरंच शांत राहतं.

खाणं: किती, केव्हा, कसं

वाढत्या पिल्लाची गरज काढायचं एक सूत्र पशुवैद्यक वापरतात. त्यानुसार ७०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला साधारण १६० कॅलरी लागतात. लहान जातींच्या पिल्लांसाठीच्या बहुतेक कोरड्या खाण्यात १०० ग्रॅममागे ३८० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसाला सुमारे ४० ग्रॅम कोरडे दाणे. पाच वेळांत विभागले तर एका वेळी ८ ग्रॅम. हा आकडा पाहून पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं की एवढंसंच? पण त्या पोटाला एका वेळी तेवढंच मावतं, म्हणूनच वेळा जास्त हव्यात. सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७ आणि रात्री ११. रात्री अकराचं खाणं कधीही चुकवू नका. सगळ्यांत लांब उपास रात्रीचा असतो आणि सकाळी लुळी सापडणारी पिल्लं बहुधा आदल्या संध्याकाळी सातनंतर काही न खाल्लेली असतात. पिल्लू ६०० ग्रॅमच्या आत असेल तर पहिले काही दिवस पहाटे तीन-चारच्या सुमारासही उठून एकदा द्या.

दाणे वजन करून घ्या, वाटीच्या अंदाजाने नको. त्यावर दाणे बुडतील एवढं कोमट पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा. बोटाने सहज कुस्करले पाहिजेत. भिजवलेलं खाणं अर्ध्या तासाने उचलून टाका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते फार लवकर आंबतं आणि मग जुलाबाला निमित्त मिळतं. ब्रँड बदलायचा असेल तर पहिला आठवडा जुनंच चालू ठेवा आणि पुढच्या सात दिवसांत हळूहळू नव्याचं प्रमाण वाढवा. घर, माणसं आणि खाणं एकाच दिवशी बदलणं या पोटाला झेपत नाही.

आता दूध. पिल्लू म्हटलं की दूध-पोळी, हे आपल्या घरांत इतकं पक्कं बसलंय की त्यावर थोडं सविस्तर बोलायला हवं. कुत्रीचं दूध आणि गाईचं दूध यांत फार फरक आहे. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट असतात आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, कमी असतं. गाईच्या दुधाने पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही आणि न पचलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं. परिणाम: पातळ शी. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असला तरी लॅक्टोजची अडचण तीच. पाणी घालून दूध पातळ केल्याने ते पचायला हलकं होत नाही, फक्त निकस होतं. आठ आठवड्यांनंतर पिल्लाला दुधाची गरज नसते. आई नसलेलं, चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर कुत्र्यांच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच वापरायची. सेरेलॅकही माणसाच्या बाळाच्या हिशेबाने बनवलेलं असतं. एखाद्या दिवशी अडल्यावर चाललं, पण महिनाभर त्यावर ठेवलेलं पिल्लू गुबगुबीत दिसतं आणि त्याची हाडं कच्ची राहतात.

नुसतं उकडलेलं चिकन आणि भात हीदेखील चूक आहे, आणि ती प्रेमाने केली जाते म्हणून जास्त वाईट वाटतं. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. वाढतं शरीर मग हाडांतून कॅल्शियम ओढतं आणि काही आठवड्यांतच पाय वाकायला लागतात किंवा छोट्याशा उडीने हाड मोडतं. घरचंच खाणं द्यायचं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. ज्या घरात मांस शिजत नाही त्यांनी वरण-भात, दही-भातावर पिल्लू वाढवायचा प्रयत्न करू नये. पिल्लांचं तयार कोरडं खाणं पूर्ण असतं आणि त्यासाठी वेगळा स्वयंपाकही लागत नाही.

एक मारी बिस्कीट साधारण २५ कॅलरीचं असतं. म्हणजे दोन बिस्किटांत पिल्लाच्या दिवसभराच्या खाण्याचा जवळपास तिसरा हिस्सा संपला, आणि त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. आजी एक, दादा एक, शेजारच्या काकू एक, असं चाललं की पिल्लू वाटीकडे बघत नाही आणि सगळे म्हणतात, खातच नाही हो हे.

साखर उतरली तर

सुरुवात फार साधी दिसते. पिल्लू गप्प बसतं, झोपाळलेलं वाटतं, हाक मारली तरी मान वर करत नाही. मग चालताना झोकांड्या जातात, मागचे पाय लटपटतात, अंग थरथरतं. हिरड्या फिकट पडतात, कान आणि पंजे थंड लागतात. नजर एकाच जागी खिळते. त्यानंतर झटके आणि शेवटी बेशुद्धी. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत कधी कधी तासभरही लागत नाही. नुसतं दमून झोपलेलं पिल्लू उचललं की अंग ताणतं, कुरकुरतं, डोळे उघडतं. साखर उतरलेलं पिल्लू ओल्या फडक्यासारखं हातात लोंबतं. हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा.

अशा वेळी एक चमचा ग्लुकोज पावडर एक चमचा कोमट पाण्यात विरघळवा. ग्लुकोज नसेल तर साखरेचा दाट पाक किंवा मध. बोटावर घेऊन पिल्लाच्या हिरड्यांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला चोळा. सातशे ग्रॅमच्या पिल्लाला साधारण पाऊण ते एक मिली पुरतं, तेही थोडं थोडं करून. तोंडात ओतू नका. अर्धवट शुद्धीतलं पिल्लू गिळू शकत नाही, ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं आणि मग साखरेतून वाचलेलं पिल्लू न्यूमोनियाने जातं. झटके चालू असतील तर दातांमध्ये बोट घालू नका, ओठांच्या आतल्या कडेला फक्त थेंब लावा. त्याच वेळी पिल्लाला गोधडीत किंवा टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरा. पाच-दहा मिनिटांत डोळे उघडून मान सावरली तर लगेच थोडं कोमट भिजवलेलं खाणं द्या, कारण नुसती साखर अर्ध्या तासात संपते आणि पिल्लू पुन्हा कोसळतं. शुद्धीवर आलं तरी डॉक्टरकडे न्यायचंच. पाच-दहा मिनिटांत फरक नसेल तर घरी आणखी वेळ घालवू नका. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं सलाईन, लागतं. निघण्याआधी फोन करून ‘लहान पिल्लू आहे, शुगर उतरली आहे’ एवढं सांगा, म्हणजे तिकडे तयारी होते.

‘शुगर फ्री’ लिहिलेलं काहीही वापरू नका. त्यातल्या काहींमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्याची साखर आणखी खाली नेतो, यकृतालाही इजा करतो. आणि खबरदारी म्हणून रोजच्या पाण्यात ग्लुकोज घालायची सवयही नको. पिल्लू गोड पाण्यावर पोट भरतं, खरं खाणं सोडतं आणि साखर सारखी वर-खाली होत राहते. खबरदारी म्हणजे वेळेवर खाणं, दुसरं काही नाही.

मुंबईत आजारी जनावर म्हटलं की परळचं बैलघोडा हॉस्पिटल आठवतं, बाकी शहरांतही असं एखादं ठिकाण असतंच. पण आपल्या घरापासून रात्री दोन वाजता किती वेळात कुठे पोहोचता येईल आणि तिथे त्या वेळी डॉक्टर असतात का, हे पिल्लू आणायच्या आधी फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.

ऊब

कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. हाताला पिल्लू ‘ठीक’ लागलं म्हणजे ते गार पडलेलं असू शकतं. साधा डिजिटल थर्मामीटर पिल्लासाठी वेगळा ठेवा, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात सेंटीमीटरभर सरकवून मोजा. ३७.५ च्या खाली गेलं की ऊब द्यायला सुरुवात करा. ३७ च्या खाली असेल तर आधी ऊब, मग खाणं. हा क्रम महत्त्वाचा आहे: गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही, पोटात घातलेलं तसंच पडून राहतं, फुगतं किंवा उलटून येतं. हिरड्यांवर साखर चोळायला मात्र हरकत नाही.

जमिनीवर थेट झोपवू नका. आपल्या घरांतली फरशी, विशेषतः कडप्पा आणि कोटा, रात्री अंगातली ऊब ओढून घेते. पुठ्ठ्याचं खोकं, त्यात जुनी गोधडी आणि एका कोपऱ्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली किंवा रबरी पिशवी. बाटली एकाच बाजूला हवी, म्हणजे गरम वाटलं तर पिल्लाला सरकता येतं. चारही बाजूंनी गरम करून ठेवलं तर ते भाजतं किंवा धापा टाकतं. दर तीन-चार तासांनी पाणी बदला, नाहीतर तीच बाटली पहाटे ऊब देण्याऐवजी काढून घेते. रात्री एसी लावणारच असाल तर २५-२६ अंशांवर, आणि खोकं वाऱ्याच्या झोताबाहेर.

उन्हाळ्यात उलटं. शिह त्झू आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या पिल्लांना धाप टाकून उष्णता बाहेर टाकणं नीट जमत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात त्यांना दुपारी गच्चीच्या खोलीत ठेवणं जिवावर बेतू शकतं.

जंत, लस आणि पार्वो

गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, हुकवर्म, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत, आईच्या दुधातून. त्यामुळे ‘आमचं पिल्लू घराबाहेर गेलंच नाही’ हे जंतांच्या बाबतीत कारण ठरत नाही. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, आठव्या आठवड्यापर्यंत आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. डोस त्या दिवसाच्या वजनावर ठरतो, मागच्या आठवड्याच्या नव्हे. आणि मोजायला एक मिलीची बिनसुईची सिरिंज घ्या. बाटलीच्या झाकणाने या आकाराचा डोस मोजता येत नाही. औषधानंतर शीतून शेवयांसारखे जंत पडले तर घाबरू नका. खूप जंत असलेल्या पिल्लाला एक-दोन दिवस जुलाब होऊ शकतात, तेवढे दिवस खाण्याच्या वेळांकडे जास्त लक्ष द्या. पिल्लाची शी रोजच्या रोज उचला. गोल जंतांची ताजी अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून रोजची साफसफाई घरातल्या मुलांना जंतांपासून खरोखर वाचवते.

लसींची सुरुवात सहा ते आठ आठवड्यांत होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस आणि शेवटचा सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर. इतके डोस का, तर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्फळ करते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. त्यामुळे ‘दोन डोस झाले, आता फिरवू’ हा हिशेब चुकीचा आहे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. तोपर्यंत खेळता खेळता पिल्लाचा दात मुलांना लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून डॉक्टरांना दाखवा.

लहान पिल्लू म्हणून अर्धी लस द्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. लसीचा डोस वजनावर नसतो. अर्धी लस म्हणजे नेमकं संरक्षण नाही. छोट्या जातींना लसीची ॲलर्जी होण्याचं प्रमाण मात्र जास्त आहे, विशेषतः एका दिवशी बऱ्याच लसी दिल्या तर. डॉक्टरांशी बोलून लसी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने विभागता येतात. लस टोचल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या आवारातच थांबा. तोंड सुजणं, अंगावर गाठी उठणं, उलटी असं काही झालं तर तिथल्या तिथे उपचार होतात. लसीला उपाशीपोटी नेऊ नका, आणि दवाखान्यात पिल्लू जमिनीवर किंवा बाकावर ठेवू नका. तिथे आजारी कुत्रीच येतात.

पार्वो म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब करणारा जीवघेणा आजार. त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलेच्या तळव्याला लागून घरात येतो. चपला दाराबाहेर काढायची आपली पद्धत इथे खरोखर कामाला येते. पाहुण्यांनाही तसंच सांगा. फिनेल आणि सुवासिक फ्लोअर क्लीनर पार्वोवर भरवशाचे नाहीत. ब्लीच चालतं: एका लिटर पाण्यात साधारण ३० मिली, आधी फरशी साबणाने धुवून घाण काढलेली हवी, मग ब्लीचचं पाणी दहा मिनिटं राहू द्या, धुवा, पूर्ण वाळल्यावरच पिल्लू सोडा. त्याच घरात मागच्या वर्षभरात पार्वोने कुत्रं गेलं असेल तर लसी पूर्ण झाल्याशिवाय नवं पिल्लू आणू नका.

याचा अर्थ सोळा आठवडे कोंडून ठेवा असा नाही. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं आणि तो काळ परत येत नाही. कडेवर घेऊन रिक्षाचा आवाज, कुकरची शिट्टी, लिफ्ट, छत्री, दाढीवाला माणूस, शाळेतून येणारी मुलं हे सगळं दाखवा. फक्त रस्त्यावर खाली सोडू नका.

पडणं, जुलाब, पिसवा

या जातींची पुढच्या पायाची हाडं पेन्सिलीहून बारीक असतात. सोफ्यावरून मारलेली उडी, मुलाच्या हातून सुटणं, एवढ्याने मनगटाच्या वरचं हाड मोडतं; आणि त्या जागी रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते सहजी जुळतही नाही, पुष्कळदा प्लेट घालावी लागते. सोफा आणि दिवाणावर पिल्लाला एकटं सोडायचं नाही. मुलांनी मांडी घालून जमिनीवर बसायचं आणि पिल्लू मांडीवर घ्यायचं, उभं राहून उचलायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घाला. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. पुढचे पाय धरून कधीही नाही. चिहुआहुआ आणि पोमेरेनियनमध्ये डोक्यावरची टाळू पुष्कळदा भरलेली नसते. बोटाने हलकेच चाचपून पाहा. मऊ लागली तर डोक्यावर टपली मारणं, मोठ्या कुत्र्याशी खेळवणं बंद. घरात चालताना पाय घासत चाला, ते सतत पायात येतं.

खेळ पंधरा-वीस मिनिटं आणि मग झोप. दिवसाला अठरा तास झोपणं या वयात योग्यच आहे. नव्या पिल्लाला बघायला येणाऱ्या प्रत्येकासाठी त्याला उठवलं तर ते खायला विसरतं आणि साखर संपवतं.

जुलाब झाले की ‘एक दिवस पोटाला आराम द्या’ हा सल्ला मोठ्या कुत्र्यांचा आहे. सातशे ग्रॅमच्या पिल्लाला चोवीस तास उपाशी ठेवणं घातक ठरतं. एखादी शी पातळ झाली आणि पिल्लू खेळतंय, खातंय तर पचायला हलकं खाणं थोडं थोडं, जास्त वेळा द्या आणि वजन दिवसातून दोनदा घ्या. दुसऱ्यांदा पातळ झाली, उलटी झाली, रक्त दिसलं किंवा कुबट, सडका वास आला तर वाट न बघता दवाखाना. अंगातलं पाणी कमी झालंय का हे कातडी ओढून नीट कळत नाही या वयात. हिरडीला बोट लावा: ती ओली, बुळबुळीत हवी. चिकट किंवा कोरडी लागली तर पाणी कमी पडलं आहे. लांब केसांच्या पिल्लांची शेपटी रोज वर करून बघा. पातळ शी केसांना चिकटून वाळली की गुदद्वार बंद होतं आणि पिल्लू कण्हत राहतं. कोमट पाण्याने भिजवून सोडवा, ओढू नका.

पिसवा आणि गोचीड इतक्या लहान अंगातलं रक्त पिऊन पिल्लाला पांढरं पाडू शकतात. पण औषध वजन बघूनच. गोचीडावरच्या बहुतेक गोळ्यांचा सर्वांत छोटा डोस दोन किलोच्या आसपास सुरू होतो, तिचा तुकडा करून देणं म्हणजे अंदाजाने विष देणं. अमिट्राझ हे गोचीड मारायचं, पाण्यात मिसळून अंग धुवायचं औषध चार महिन्यांच्या आत नको आणि चिहुआहुआला तर नकोच. बारीक दातांची फणी, चिमटा आणि डॉक्टरांनी या वजनासाठी लिहून दिलेलं औषध, एवढंच. आंघोळीची घाई नको. ओल्या कोमट फडक्याने पुसून लगेच कोरडं केलं तरी पुरतं.

मनुका, बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट, पॅरासिटामॉल, डांबर गोळ्या हे सगळं पिल्लाच्या उंचीवरून हलवा. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा आपल्याला क्षुल्लक वाटतो, सातशे ग्रॅमच्या जिवाला तो क्षुल्लक नाही. गळ्यात पट्टा आणि घुंगरू हौसेने घातलं तरी त्याला दोरी बांधू नका. पोमेरेनियन, यॉर्की, चिहुआहुआ यांची श्वासनलिका दबण्याची प्रवृत्ती असते, दोरीसाठी छातीवरून जाणारा हार्नेसच घ्या.

तीन महिने झाले आणि वजन सव्वा-दीड किलोच्या पुढे गेलं की खाण्याच्या वेळा चारवर आणा, सहाव्या महिन्यानंतर तीनवर. वजन रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा घेतलं तरी चालेल. सहा-सात महिन्यांचं झालं की तोंड उघडून सुळे तपासा. या जातींमध्ये दुधाचा सुळा न पडताच शेजारी पक्का सुळा उगवतो, दोघांच्या फटीत अन्न अडकून हिरडी कुजते. दुहेरी सुळे दिसले तर नसबंदीच्या वेळी, त्याच भुलीत ते काढून घ्यायला डॉक्टरांना सांगा, म्हणजे दुसऱ्यांदा भूल द्यावी लागत नाही.